एक जांब कमी

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि डोमा रामटेके स्वतःच्या ब्लाउजला हूक लावत होता.

सानगडीतल्या त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे ब्लाउज घड्या घालून फळीवर ठेवलेले होते. हा मात्र त्याचा होता. छाती चाळीस, मोरपंखी रंग, पाठीवर दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला घुंगरू. डोमाचं वय चौपन्न. मिशी नाही, कधी ठेवलीच नाही. पंचक्रोशीतल्या बायका त्याच्याकडे कापड टाकतात, कारण त्याची बाही दंडात रुतत नाही आणि तो दुकानात फारसं बोलत नाही. बायका बोलतात, तो "हो ताई" म्हणतो आणि गळ्यातल्या टेपशी चाळा करतो.

दिवाळी सरली की दुकानावर दुसरं वेळापत्रक लागू होतं. धान पिवळं पडतं, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, पाळणे लागतात, आणि भर दुपारी मांडवात खडी गंमत उभी राहते. शाहीर गातो, नाच्या त्याला आडवे प्रश्न विचारतो, ढोलकी आणि पेटी त्या चावटपणाला दुजोरा देतात. नाच्या म्हणजे साडी नेसलेला पुरुष. खुशाल शाहिरांच्या पार्टीत तो पुरुष सतराव्या वर्षापासून डोमा आहे.

छातीसाठी तो स्पंज वापरत नाही. स्पंजाला वजन नसतं आणि वजनाशिवाय बाईची चाल येत नाही, असं त्याचं मत आहे. या विषयात त्याच्या मताला किंमत आहे. तो जांब वापरतो. पेरूला इकडे जांब म्हणतात. दोन, टणक, टेपनं मोजून घेतलेले, एकसारखे. गुजरीतली भाजीवाली रुखमा त्याला "किती पाहिजे?" असं विचारतच नाही. ती विचारते, "आज कोणत्या गावची मंडई?"

त्या दिवशी बपेऱ्याची होती.

आदल्या संध्याकाळी शाहीर दुकानात येऊन स्टुलावर बसले होते. शाहीर म्हणजे खुशाल, बासष्ट वर्षांचे, आठ एकर धानाचे धनी, मिशा कानापर्यंत. ते मशीनकडे बघत म्हणाले, "डोम्या, दोन मंडया गेल्या. कोणी हासलं नाई."

"पोट्टे मोबाइल पाहून राहिले होते शाहीर."

"काहून पाहून राहिले होते? तुह्यापेक्षा मोबाइल बरा वाटला म्हणून. बपेऱ्यात दुय्यम आहे, माहीत आहे न?"

डोमाला माहीत होतं. दुय्यम म्हणजे एका मांडवात दोन पार्ट्या, आळीपाळीनं. लोक ज्यांना जास्त हसतील, त्यांना पुढच्या वर्षीचं निमंत्रण.

"समोरच्या पार्टीत बाया आहेत. खऱ्या," शाहीर म्हणाले. "बपेऱ्यात लोकं हासले तं तू. नाई हासले तं पुढच्या मंडईपासून रिता."

रिता नाटकांत काम करायची. वय सव्वीस, आवाज चांगला. तिला जांब लागत नव्हते.

शाहीर गेल्यावर डोमा पुन्हा मशीनवर बसला. त्याला साडी सोडायची नव्हती, आणि कारण त्यानं कोणाला सांगितलेलं नव्हतं. शर्ट-पँटमध्ये त्याला उत्तर सुचत नाही. साडी नेसली की सुचतं.

"हे नेता का ते?" सकाळी बायकोनं, लीलाबाईनं, दोन लुगडी पुढं धरली.

"हिरवं दे."

"माह्यापेक्षा माह्या लुगड्यांनी जास्त गावं पाह्यली," ती म्हणाली आणि हिरवं पिशवीत कोंबलं.

सातला बाहेर हॉर्न वाजला. केवळरामची काळी-पिवळी जीप आली होती. पार्टी एकेकाळी आठ जणांची होती, आता चौघांची उरली, त्यामुळे सगळे तिच्यात मावतात. केवळराम गाडी चालवतो आणि ढोलकी वाजवतो. दर सोमवारी तो भांग घेतो. बपेऱ्याच्या पुढं नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो, तिथल्या सरकारमान्य दुकानातून आणतो. सोमवारशिवाय नाही आणि गाडीवर असताना कधीच नाही. हा नियम त्यानं मोडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. चहा मात्र तो कुठल्याच वारी पीत नाही. पित्त होतं.

मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन जीवन गजभिये बसला होता. गावच्या पोस्टात पोस्टमास्तर, डोमाचा शाळेपासूनचा दोस्त आणि पार्टीतला एकमेव सभ्य माणूस. डोमा स्टेजवर चावट बोलायला लागला की जीवन मान खाली घालून पेटीच्या भात्याकडे बघतो. वीस वर्षं तो भात्याकडेच बघत आला आहे. त्याला खरी गोडी भीमगीतांची. खडी गंमतीत तो केवळ डोमासाठी बसतो, असं तो म्हणतो.

"जयभीम, डोमा."

"जयभीम. जरासा सरक. ते पिशवी नको दाबू, जांब आहेत."

गाडी साकोलीला हायवेला लागली. शाहीर पुढच्या सीटवर घसा साफ करत होते. जीवननं, लाखनी येईपर्यंत, केवळरामला नशेचे दुष्परिणाम सांगून टाकले. हे दर मंडईला होतं.

"नशा माणसाले खाते, केवळराम."

"मले तं उलटी भूक लागते भाऊ."

"हासण्यावारी नेऊ नको."

"तुम्हीच नेऊन राहिले. मी तं गाडी नेऊन राहिलो."

डोमा खिडकीशी बसून ओठ हलवत होता. पाठ केलेले सवालजवाब तिसऱ्यांदा म्हणून पाहिले. सुईचा विनोद, मशीनचा विनोद, उसवलेल्या शिवणीचा विनोद. ओठांवर सगळं होतं, पण त्याला स्वतःलाच हसू येत नव्हतं.

मोहाडी ओलांडल्यावर मागचं चाक बसलं. जिथं बसलं तिथं मोहाच्या झाडाखाली गिरजाबाईची चहाची टपरी होती, त्यामुळे कोणी फार हळहळलं नाही. केवळराम जॅक घेऊन गाडीखाली शिरला. डोमा बाकावर बसून मांडीवरच्या लुगड्याच्या निऱ्यांना पिना लावू लागला. जीवननं बॅग उघडली, दोनदा चाचपली आणि कपाळावर हात मारला.

"बाप्पा! माही पत्ती घरीच राहिली."

गाडीखालून केवळरामचं डोकं बाहेर आलं. "कोणती पत्ती भाऊ?"

"हिरवी."

केवळरामनं पाना खाली ठेवला. "तुम्ही हिरवी पत्ती घेता?"

"सहा महिने झाले."

"कोणं सांगतलं?"

"डॉक्टरनं."

"डॉक्टरनं!"

"सकाळी एक डाव, संध्याकाळी एक डाव. वजन उतरते. डोस्कं शांत राहते."

"डोस्कं तं राहतेच," केवळराम हळूच म्हणाला. "वहिनीले माहीत आहे?"

"तेच तं करून देते. ते बी घेते. आता सासूले बी सुरू केली."

केवळराम उठून बसला. "अन् मले वीस वर्षांपासून भाषण देऊन राहिले?"

"तुही गोष्ट अलग आहे. तू नशा करतं."

हा भेद केवळरामला समजला नाही. पण तो वाद घालणारा माणूस नाही, आणि जीवनभाऊ शेवटी आपल्या वाटेवर आले याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "समोरच्या खणात पुडी आहे भाऊ. हिरवीच आहे. पण बेतानं हं. माही कडक असते. एका माणसाले एक चिमटी."

"मी दोन चमचे घेतो," जीवन म्हणाला.

"दोन चमचे!" केवळराम म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. या क्षणापासून त्याच्या मनात जीवनबद्दलचा आदर कमालीचा वाढला.

डोमानं हे सगळं ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. त्याचं लक्ष निऱ्यांकडे होतं.

जीवननं पुडी गिरजाबाईपुढं ठेवली. "मावशी, फक्त पाणी उकळा अन् हे टाका. दूध नको, साखर नको."

"दूध नको?" गिरजाबाईनं तिघांकडे बघितलं. "कोण मेलं?"

इकडे बिनदुधाचा चहा मयताच्या घरी करतात. जीवननं ग्रीन टीचे फायदे सांगायला सुरुवात केली, पण गिरजाबाईचं पातेलं वर चढलं होतं. "सकाळी सकाळी माह्या टपरीवर कोरा चाय पिऊन जाता काय? दिवसभर गिऱ्हाईक नाई लागत मंग." तिनं म्हशीचं दूध ओतलं. पत्ती आल्यासोबत खलबत्त्यात ठेचली आणि अंदाजानं, म्हणजे मुठीनं, टाकली. साखर घातली. पाच उकळ्या काढल्या. चहाला शेवाळासारखा रंग आला.

"कोणत्या कंपनीची व्हय ही?"

"आरोग्याची असते मावशी," जीवन म्हणाला. "डोमा, तू बी घे. कमर कमी होईन. शाहीर, घशाले चांगली."

डोमानं एक ग्लास घेतला. कडवट होता, पण साखर भरपूर होती. शाहिरांनी दोन घेतले, जीवननंही दोन. गिरजाबाईनं स्वतःसाठी वेगळी लाल पत्ती टाकून केला. हिरव्यावर तिचा भरवसा नव्हता.

तुमसर गेलं तोपर्यंत काही झालं नाही. राईस मिल गेल्या, धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर गेले. सिहोऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर डोमाच्या लक्षात आलं की रस्त्याच्या मधोमध जे पांढरे पट्टे आहेत, तो कच्चा टाका आहे. हे इतकी वर्षं आपल्याला कसं दिसलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. रस्त्याचा एक काठ दुसऱ्या काठाला कोणीतरी तात्पुरता टाचून ठेवला होता. पक्की शिलाई मारायची राहून गेली होती.

"केवळराम," तो पुढं वाकून म्हणाला, "हळू चालव. उसवन."

"काय उसवन?"

"रस्ता."

केवळरामनं आरशातून बघितलं. तेवढ्यात शाहिरांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरून धानाच्या बांधावर गेले आणि शेतातल्या बुजगावण्यापुढं हात जोडून उभे राहिले. "माय-बाप रसिकहो," ते म्हणाले. पुढचं काही आठवलं नाही. बुजगावण्यानं वाट बघितली. शाहीर परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकं शांत ऐकणारं पब्लिक मी नाई पाह्यलं," ते म्हणाले.

"शाहीर," गाडी पुन्हा सुरू करून केवळराम म्हणाला, "तुम्ही बी पत्ती घेतली?"

"ग्रीन टी घेतली."

"ग्रीन टी?"

"जीवनची."

केवळरामनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळला. मागच्या सीटवर फक्त डोमा होता. जीवन शंभर पावलं मागं एका पानठेल्याजवळ, पोस्टाच्या लाल पेटीशी उभा होता. शाहीर बांधावर गेले तेव्हा तो उतरला असणार. त्याचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पेटीच्या फटीत होता. डाव्या हातात काहीतरी होतं, ते तो मन लावून खात होता.

"टपाल निघालं का नाई, पाहून राहिलो होतो," ते जवळ आल्यावर तो म्हणाला. "हात येऊन नाई राहिला."

"कव्हापासून?"

"खूप वर्षं झाले."

डोमानं मेकअपच्या पेटीतली कोल्ड क्रीम आणली. केवळरामनं ती जीवनच्या मनगटाला चोळली. पानठेलेवाला चुना लावायचा थांबून बघत होता. हात सुटला तेव्हा जीवन पेटीच्या पाया पडला.

मग केवळरामनं तिघांना गाडीच्या सावलीत बसवलं आणि शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. "ते ग्रीन टी नोहोती. ते भांग होती."

"असू शकत नाई," जीवन म्हणाला. "मी सरकारी नोकर आहो."

"भाऊ, तुम्ही हिरवी पत्ती म्हटलं!"

"हिरवी पत्ती म्हणजे ग्रीन टी."

"अन् सासूले देता ते?"

"लेमनवाली."

केवळराम दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. सगळ्यांना सगळं समजलं, पण त्याचा उपयोग नव्हता. शाहीर हसू लागले. डोमा हसू लागला. हसणं थांबवायचं कसं हे दोघांनाही आठवेना. पाच मिनिटांनी शाहीर डोळे पुसत म्हणाले, "परत फिरव रे. या हालात लोकायपुढं जाता येते काय?"

डोमाचं हसू थांबलं.

"नाई फिरवायची," तो म्हणाला.

"डोम्या, तुह्यानं उभं राहवून नाई राहिलं."

"बसून करीन. शाहीर, तुम्हीच म्हटलं. बपेऱ्यात हासले तं मी. गाडी फिरवली तं कोण हासन? मी न हासवताच गेलो." एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. मधली काही वाक्यं त्यानं मनातच म्हटली, पण सूर लक्षात आला.

शाहिरांनी केवळरामकडे बघितलं. शुद्धीवर तो एकटाच होता, त्यामुळे निर्णय त्याच्यावर आला. पार्टीच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत होतं. केवळरामनं चावी फिरवली. गाडी बपेऱ्याकडे निघाली, सावकाश, उसवू नये म्हणून.

बपेऱ्यात मांडव भरला होता. समोरच्या पार्टीची पाळी आधी होती. दोन मुली, एक कीबोर्ड, तीन स्पीकर. त्यातली खुशबू नावाची मुलगी चुणचुणीत होती. लोक हसत होते, शिट्ट्या येत होत्या. मागं एका घराच्या पडवीत डोमा कपडे करत होता. ब्लाउज चढवला, लुगडं नेसलं, टिकली लावली. मग पिशवीत हात घातला. एक जांब निघाला. पिशवी उलटी केली. पिना, पावडर, कंगवा पडला. जांब एकच.

"केवळराम, माहा जांब?"

"कोणता जांब?"

"उजवा."

वेळ नव्हता. माइकवर नाव पुकारलं गेलं. डोमानं आहे तो डावीकडे घातला, पदर उजवीकडून जास्त ओढला आणि स्टेजवर गेला. गळ्यात टेप तशीच लटकत होती.

शाहिरांनी गण सुरू केला. इतका संथ गण बपेऱ्यानं ऐकला नसेल. एकेक शब्द ते आवडीनं धरत होते आणि सोडायला तयार नव्हते. केवळराम ढोलकीवर त्यांना पुढं ढकलत होता. पुढच्या रांगेतल्या चार पोरांनी मोबाइल काढले. ते डोमाला दिसलं. गण संपला. आता शाहिरांनी सुईचा सवाल टाकायचा होता. शाहीर वळले, डोमाकडे बघितलं आणि बघतच राहिले. सवाल गेला होता. त्यांनी जे दिसलं ते विचारलं.

"डोम्या, दुसरा कोठी गेला?"

माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

डोमानं उत्तर शोधलं. साडी नेसली की उत्तर यायचं, ते येईना. पाठ केलेलं सगळं बांधापलीकडच्या धानासारखं दूर कुठंतरी हलत होतं. एक पोर जांभई देत होतं. डोमाला वाटलं, संपलं. रिता. आणि दुकानात काय बोलावं हे न सुचल्यावर जातो तसाच त्याचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. त्यानं टेप काढली आणि माप घेतलं. डावीकडून मध्यापर्यंत, मग मध्यापासून उजवीकडे.

"इकडं वीस," तो गंभीरपणे म्हणाला. "इकडं सोळा."

मागच्या बायकांतून कोणीतरी खुदकन हसलं.

"दोन नगाचं पार्सल होतं शाहीर. एकच पोचलं. पोस्टात हरवलं वाटते."

पेटी थांबली. वीस वर्षांत पहिल्यांदा जीवननं मान वर केली. तो उभा राहिला आणि काउंटरवरच्या आवाजात म्हणाला, "माहा आक्षेप आहे. पोस्टात काही हरवत नाई."

"मंग दुसरा कोठी आहे?"

जीवन खोटं बोलत नाही. "मी खाल्ला," तो म्हणाला.

मांडव फुटला. पहिल्या रांगेतलं पोर खुर्चीवरून घसरलं.

"काहून खाल्ला?" डोमानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पिकला होता."

यावर बायकांकडून जो आवाज आला, तो पाळण्यांपर्यंत ऐकू गेला. पाळणे थांबले आणि लोक मांडवाकडे येऊ लागले.

डोमा आता टेप घेऊन शाहिरांकडे वळला. शाहीर बायका दुकानात उभ्या राहतात तसे दोन्ही हात पसरून उभे राहिले. डोमानं छाती मोजली, कंबर मोजली, खाली वाकला आणि थांबला. "शाहीर, तुमची सुई..." इथं पुढचं विसरला.

"वाकली," जीवन पेटीमागून म्हणाला. "कापड तयार आहे. माप तयार आहे. मशीनले तेल देऊन ठेवलं आहे. सुई आत जाऊन नाई राहिली." हे त्यानं मनीऑर्डरचे नियम सांगावेत तसं, एकाही शब्दावर जोर न देता सांगितलं. वीस वर्षं भात्याकडे बघत त्यानं एकेक ओळ पाठ केली होती, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. बहुधा त्यालाही.

शाहिरांनी यावर मिशीला पीळ देऊन डरकाळी फोडायची असते. शाहीर विचारात पडले. "दोन वर्षं झाले," ते खरं तेच म्हणाले.

"नवी घाला न बाप्पा!" मागून एक म्हातारी ओरडली.

"कोण लावून देईन?" शाहिरांनी कळवळून विचारलं.

तिथून पुढं कोणाच्या हातात काही राहिलं नाही. डोमा मोजत होता, जीवन चुकलेलं दुरुस्त करत होता, शाहीर कबुल्या देत होते. केवळराम एकटा शुद्धीत, घामानं निथळत, प्रत्येक हशा संपायच्या आत ढोलकीची थाप मारत होता. खुशबू आणि तिची पार्टी मांडवाच्या खांबाला धरून हसत होती. पोरांचे मोबाइल अजून हातात होते, पण आता ते स्टेजकडे धरलेले होते.

शेवटी डोमानं उरलेला जांब काढला, पुसला आणि जीवनच्या हातात ठेवला. "घे. जोडी फुटली, एकट्याचं काय करू?" जीवननं तिथंच खाल्ला. खेळ संपला.

मंडई समितीचा प्रवीण धावतच आला. "शाहीर, पुढच्या वर्षी हाच खेळ पाहिजे. हाच. जांबाचा." खुशबूनं डोमाची पाठ फिरवून ब्लाउजच्या हुकांवरून बोट फिरवलं. "काका, कोण शिवला हा?"

"मी."

"माहा शिवून देसान?"

"कापड घेऊन ये," डोमा म्हणाला. "माप मी डोळ्यानं घेतलं."

"हो का?" ती म्हणाली. "मंग सांगा, दोन्हीकडं सारखं आहे का नाई?"

परतीच्या वाटेवर, ऊन उतरत असताना, तिघांची डोकी हळूहळू ठिकाणावर आली. तुमसरला त्यांनी आलुबोंडे खाल्ले, प्रत्येकी किती ते केवळरामनं मोजणं सोडून दिलं. तिथंच शाहिरांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रिता, बेटा, यंदा नाई जमत."

"माहीत आहे शाहीर," पलीकडून आवाज आला. "व्हिडिओ आला न. ते जांबवाले काका हुशार आहेत."

शाहिरांनी फोन खिशात ठेवला. "ऐकलं?" ते डोमाला म्हणाले. "साडी तुहीच." आणि लगेच, "आता मले सांग, आपण तिथी काय बोललो?"

डोमा जीवनकडे बघू लागला. जीवन शाहिरांकडे. कोणालाच आठवेना. एकेक तुकडा होता, जांब, सुई, कोणीतरी म्हातारी, पण आधी काय नि मग काय याचा पत्ता नव्हता. पुढच्या मंडईत लोक तेच मागणार होते.

"मले आहे सारं पाठ," स्टिअरिंगवरून केवळराम म्हणाला. तो फार खूश दिसत होता. "आतापासूनच सुरू करू. जीवनभाऊ, तुम्ही म्हणान, पोस्टात काही हरवत नाई."

"पोस्टात काही हरवत नाई," जीवन पुटपुटला आणि सवयीनं मान खाली घातली.

"मान वर, भाऊ. मान वर."

गिरजाबाईच्या टपरीशी गाडी थांबली. जीवननं दुधाचा, साखरेचा, लाल पत्तीचा चहा मागितला. गिरजाबाईनं विचारलं, "ते आरोग्याची संपली?"

तेव्हापासून या मोसमात पार्टीच्या तीन मंडया झाल्या. तिन्हीकडे जांबाचाच खेळ झाला, बिनपत्तीचा. केवळरामची पुडी आता सीटखाली कुलपात असते आणि सोमवारीच निघते. जीवन ओळी पाठ म्हणतो, मान वर ठेवतो आणि खेळाच्या शेवटी लाजतो. लाजण्यालाही लोक हसतात. त्याच्या बायकोनं व्हिडिओ पाहिला आहे. सासूनं दोनदा पाहिला.

आज संध्याकाळी डोमा गुजरीत गेला. शर्ट-पँटमध्ये, गळ्यात टेप. रुखमानं विचारलं, "उद्या कोणत्या गावची?"

"गोसीखुर्दकडची. ते धरणानं उठवलेलं गाव, नव्या वस्तीत."

तिनं दोन जांब निवडून पुढं केले. डोमानं मोजले, पिशवीत टाकले आणि आणखी एक उचलला. हा मऊ होता, पिकलेला.

"तीन?" रुखमा म्हणाली. "तिसरा कोठी लावता?"

बाजूच्या दोन बायका थांबून बघू लागल्या. डोमाचा हात टेपकडे गेला नाही.

"तिसरा पोस्टाचा," तो म्हणाला. "वजन करून पाह्य, तिकीट लावतो."

तिघी हसल्या. तो घराकडे वळला.

काळी-पिवळी उद्या सकाळी सातला सुटेल. शटरवर खडूनं लिहिलं आहे: दुकान बंद, ब्लाउज परवा मिळतील.